‘पावसाळी संध्याकाळची जुनी मराठी गाणी लाव’ म्हटल्यावर ॲप नेमके काय करते?

कॅसेटच्या काळात गावोगावच्या दुकानांत एक सोय असे. आवडत्या गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दुकानदाराकडे द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. यादीतले एखादे गाणे त्याच्याकडे नसले, किंवा ‘बी’ बाजूच्या शेवटी चार मिनिटांची जागा उरली, की तो आपल्या मनाने एखादे गाणे भरून टाकी आणि पुष्कळदा तेच गाणे पुढे आपले आवडते होऊन बसे.

संगीत ऐकवणाऱ्या ॲपांनी गेल्या काही वर्षांत हा दुकानदार परत आणायचा घाट घातला आहे. स्पॉटिफायने फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडात ‘डीजे’ नावाची सुविधा आणली, ज्यात एक कृत्रिम आवाज दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो. एप्रिल २०२४ मध्ये त्याच कंपनीने ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात, तर ॲमेझॉन म्युझिकने अमेरिकेत, साध्या वाक्यात मागणी लिहिली की गाण्यांची यादी तयार करून देणारी सुविधा चाचणीसाठी खुली केली. यूट्यूब म्युझिकही त्याच वाटेने गेले. या सगळ्याला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे एकच भारदस्त लेबल चिकटवले जाते, पण आत तीन वेगवेगळी कामे चालतात आणि ती वेगळी केल्याशिवाय यादी कधी सुरेख जमते आणि कधी पार फसते, याचा उलगडा होत नाही.

पहिले काम: किराण्याची बिले वाचणे

ज्याने आयुष्यात कांदेपोहे खाल्लेले नाहीत अशा परदेशी माणसाच्या हातात आपल्या किराणा दुकानाची वर्षभराची बिले द्या. पोहे घेणारा बहुधा शेंगदाणेही घेतो, साबुदाणा घेणाऱ्याच्या बिलावर उपवासाची भगर असते आणि हे बिल ठरावीक दिवसांच्या आदल्या संध्याकाळी फाटते, एवढे त्याला चार दिवसांत समजेल. चव कशी असते हे त्याला ठाऊक नसेल, एकादशी म्हणजे काय हेही नसेल, पण पोहे घेणाऱ्याला ‘शेंगदाणे हवेत का?’ हे तो अचूक विचारील.

गाण्यांच्या शिफारशीचा पाया हाच आहे. तुम्ही कोणते गाणे शेवटपर्यंत ऐकले, कोणते दहाव्या सेकंदाला पुढे ढकलले, कोणते रात्री पुन्हा लावले, कोणत्या गाण्याशेजारी कोणते ठेवले, याची नोंद होते आणि कोट्यवधी श्रोत्यांच्या अशा नोंदींतून एक अदृश्य नकाशा तयार होतो. त्या नकाशावर प्रत्येक गाणे एका ठिकाणी वसलेले असते आणि जी गाणी लोक वारंवार एकत्र ऐकतात ती एकमेकांच्या जवळ राहायला येतात. स्पॉटिफायची दर सोमवारी ३० गाणी देणारी ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी जुलै २०१५ पासून प्रामुख्याने याच तत्त्वावर चालत आली आहे. म्हणजे हे तंत्र दहा वर्षांहून जुने आहे, नवे आहे ते त्याच्यावर चढवलेले बोलके आवरण.

दुसरे काम प्रत्यक्ष ध्वनी तपासण्याचे. नुकत्याच आलेल्या, कुणीही न ऐकलेल्या गाण्याची ‘बिले’ नसतात, म्हणून त्याची लय किती द्रुत आहे, आवाज आहे की नुसती वाद्ये, नाद मोठा आहे की मऊ, हे यंत्र मोजते. स्पॉटिफायने २०१४ मध्ये ‘द एको नेस्ट’ ही याच विश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेली कंपनी विकत घेतली. पण हे मोजमाप म्हणजे वैद्यबुवांनी नाडी पाहण्यासारखे आहे. ठोके कळतात, मनातले कळत नाही. संथ लयीतले विरहगीत आणि संथ लयीतली अंगाई त्याला सारखीच वाटू शकते.

तिसरे काम तुमचे वाक्य समजून घेण्याचे, आणि नवी भर पडली आहे ती इथे. त्यासाठी ‘भाषा मॉडेल’ वापरतात. प्रचंड प्रमाणात लिखित मजकूर वाचून, कोणत्या शब्दांमागे कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, हे शिकलेला संगणकीय कार्यक्रम म्हणजे भाषा मॉडेल. तुमच्या वाक्यातून ते काळ, भाषा, मूड, वाद्ये, गायक अशा खुणा वेगळ्या काढते आणि त्या खुणांना जुळणारी गाणी मग संग्रहातून, तुमच्या नकाशाचा आधार घेऊन, उचलली जातात. यादी करताना हे मॉडेल त्यांतले एकही गाणे ऐकत बसत नाही. ते गाण्याविषयी लिहिलेले वाचते, आणि गाण्याविषयी काही लिहिलेलेच नसेल तर त्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

प्रयोग करून पाहिला तेव्हा

एका ॲपमध्ये, रोमन लिपीतल्या मराठीत, मी मागणी लिहिली: पावसाळी संध्याकाळ, १९६० ते १९७५ मधली मराठी भावगीते, ताल हळू. आलेल्या यादीत निम्मी गाणी चित्रपटांतली होती, तीन जुन्या गाण्यांची हल्लीच्या मुलांनी केलेली ‘लो-फाय’, म्हणजे मुद्दाम संथ आणि धूसर आवाजातली, रूपे होती आणि एक ‘गाणे’ म्हणजे चक्क पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा तासाभराचा आवाज होता. माझी मागणी अक्षरशः पुरी झाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

हे असे का झाले, याचा शोध घेताना कारणे एकेक करून सापडत गेली. सर्वांत मोठे कारण सालाचे. १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले भावगीत आधी तबकडीवर येते, मग कॅसेटवर, मग कुठल्याशा ‘सदाबहार’ संकलनाच्या सीडीवर आणि शेवटी ती सीडी ॲपवर चढवली जाते. ॲपमधल्या नोंदीत बहुधा त्या संकलनाचे किंवा डिजिटल प्रकाशनाचे साल पडते. त्यामुळे यंत्राच्या लेखी ते गाणे २००३ चे असते आणि ‘१९६० ते १९७५’ म्हटल्यावर नेमके तेच चाळणीतून गळून जाते. गाण्याबरोबर चढवल्या जाणाऱ्या या माहितीला, म्हणजे नाव, साल, गायक, संगीतकार, गीतकार, भाषा यांच्या नोंदीला, मेटाडेटा म्हणतात. मराठीपुरते बोलायचे तर सगळे दुखणे तिथे आहे.

दुसरे कारण नावांचे. नोंदी रोमन लिपीत असतात आणि ‘फडके’ हे आडनाव कुणी ‘एफ’ने लिहितो, कुणी ‘पी-एच’ने. ‘कलाकार’ या रकान्यात कधी गायक असतो, कधी संगीतकार, कधी दोघे, आणि गीतकार बहुतेक वेळा बेपत्ता. मराठी भावगीतात कवीला केवढे स्थान आहे हे आपण जाणतो, पण एखाद्या कवीची सगळी गाणी मागावीत तर रकाना रिकामा असल्यामुळे यंत्र अंदाजपंचे दाहोदरसे करत राहते.

मागणी बदलून पाहिली तेव्हा फरक पडला. सालांचा उल्लेख काढून टाकला, ‘रिमिक्स आणि लो-फाय नको, मूळ ध्वनिमुद्रणे हवीत, बासरी आणि सतार’ असे लिहिले आणि तीन गायकांची नावे दिली. आता यादी पुष्कळ बरी आली. यातली कळ गायकांच्या नावांत आहे, कारण ‘पावसाळी’ हा शब्द नोंदीत कुठेच नसतो, गायकाचे नाव मात्र जवळजवळ नेहमी असते आणि त्या तीन नावांच्या आधाराने यंत्र नकाशावरच्या योग्य पेठेत शिरते. ज्याला ‘मूड’ सांगून उत्तम यादी हवी आहे त्याने मूड थोडक्यात सांगावा आणि नावे भरपूर सांगावीत.

शास्त्रीय संगीतात मात्र मला उलटा अनुभव आला. ‘सकाळचे राग, वादन, गायन नको’ एवढ्याच मागणीवर भैरव, तोडी, अहिर भैरव अशी नेटकी यादी आली. शास्त्रीय संगीत अवघड, म्हणून तिथे यंत्र अडखळेल, अशी माझी समजूत होती. पण रागाचे नाव ध्वनिमुद्रणाच्या शीर्षकातच छापलेले असते आणि कोणता राग कोणत्या प्रहराचा यावर शेकडो पाने लिहिली गेली आहेत, त्यामुळे दोन्ही टोके जुळली. याउलट एखादे भावगीत यमनावर बेतलेले आहे, हे नोंदीत कुणीच लिहिलेले नसते. माणसाच्या कानाला जे सोपे ते यंत्राला अवघड आणि जे पुस्तकी ते सोपे, असा हा उफराटा प्रकार आहे.

क्रमाचे भान हे आणखी एक वेगळेच प्रकरण. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणात ५६ गीते आहेत आणि ती कथेच्या क्रमाने येतात. स्वतंत्र गाणी सुटी करून नवी माळ ओवणे हा ज्या यंत्राचा स्वभाव आहे त्याला राम वनात जाण्याआधी अयोध्येला परतला तरी वावगे वाटत नाही. अशा रचना पूर्ण अल्बम लावूनच ऐकाव्यात, त्यात यंत्राला हात घालू देऊ नये.

निवेदक आला, पण त्याला माहीत काय आहे?

विविध भारतीवर वाढलेल्या पिढीला गाण्याआधीचे निवेदन हे गाण्याइतकेच प्रिय आहे, म्हणून ‘डीजे’सारख्या सुविधेचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. तिची घडण अशी: काय बोलायचे तो मजकूर भाषा मॉडेलच्या साहाय्याने तयार होतो, मग तो कृत्रिम आवाजात वाचला जातो. इंग्रजी डीजेचा आवाज स्पॉटिफायचेच कर्मचारी झेवियर जर्निगन यांच्या आवाजावरून घडवलेला आहे. यूट्यूब म्युझिकनेही २०२५ मध्ये अमेरिकेतल्या काही श्रोत्यांसाठी असे कृत्रिम निवेदक तपासायला घेतले.

आकाशवाणीचा निवेदक तबकडीवरची पट्टी वाचून गीतकाराचे नाव सांगे, त्यामुळे तो क्वचितच चुके. भाषा मॉडेल मात्र शोभेल असे वाक्य तयार करते आणि शोभणारे वाक्य दर वेळी खरे असतेच असे नाही. कंपन्या यावर संपादकांची देखरेख ठेवतात, तरी निवेदन ऐकून एखाद्या गाण्याचा इतिहास कुणाला सांगायच्या आधी तो दुसरीकडे पडताळून घ्यावा.

‘फोन आमच्या गप्पा ऐकतो म्हणूनच तर…’

ही शंका हमखास येते. घरात कुणी नाट्यसंगीताचा विषय काढला आणि सायंकाळी ॲपने नाट्यपद सुचवले, की संशय पक्का होतो. पण शिफारशीचे कोडे सोडवायला गप्पा ऐकण्याची गरजच नाही. वेळ, वार, कोणत्या उपकरणावर ऐकले, काय टाळले, तुमच्यासारख्या इतरांनी आज काय लावले, एवढ्यावर भागते. शिवाय न जमलेल्या शंभर शिफारशी आपण विसरतो आणि जमलेली एक लक्षात ठेवतो.

घोटाळा असतो तो वेगळा. पहाटे आजी हरिपाठ लावतात, दुपारी नातू तेच एक बालगीत एकवीस वेळा ऐकतो, रात्री त्याची आई कामाला बसते तेव्हा नुसते वादन लागते आणि हे सगळे एकाच खात्यावर. यंत्राला हा एकच विचित्र माणूस वाटतो. स्पॉटिफायवर एखादी यादी आपल्या आवडीच्या हिशोबातून वगळण्याची सोय आहे, तसेच काही काळापुरते ऐकणे खासगी ठेवण्याचीही. आजींचे खाते वेगळे काढणे हा मात्र सर्वांत सरळ उपाय.

‘याने आवड आक्रसत नाही का?’

आक्रसू शकते. यंत्र जे सुचवते तेच आपण ऐकतो, आपण जे ऐकतो त्यावरून ते पुढचे सुचवते आणि हे चाक फिरत राहते. वाक्यात मागणी लिहिण्याची नवी सुविधा या बाबतीत उलट उपयोगी आहे, कारण ‘मी आजवर न ऐकलेले’ असे तिला सांगता येते.

मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. स्पॉटिफायने २०२० मध्ये ‘डिस्कव्हरी मोड’ नावाची योजना आणली. तिच्यात कलाकार किंवा त्याची कंपनी काही गाण्यांवर कमी मानधन घ्यायला तयार झाली, तर शिफारशींत त्या गाण्यांचे वजन वाढते. म्हणजे समोर आलेले गाणे नेमके आपल्या आवडीमुळे आले की सवलतीच्या दरामुळे, हे श्रोत्याला सांगता येत नाही. दुकानदाराने कॅसेटच्या शेवटी भरलेले गाणे त्याला आवडत होते म्हणून भरलेले होते, एवढा तरी भरवसा तेव्हा होता.

निवडणे वेगळे, बनवणे वेगळे

इथवर बोललो ते गाणी निवडणाऱ्या यंत्राविषयी. पण चार शब्द लिहिले की शब्द, चाल, वाद्ये आणि गळा यांसह संपूर्ण गाणे तयार करून देणारी साधनेही आता आली आहेत आणि तो माल त्याच ॲपांवर चढतो आहे. डीझर या फ्रेंच सेवेने आपल्याकडे येणाऱ्या गाण्यांची तपासणी सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये पूर्णपणे यंत्राने बनवलेली रोज सुमारे १०,००० गाणी तिच्याकडे येत होती आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा आकडा ५०,००० वर, म्हणजे रोज येणाऱ्या एकूण गाण्यांच्या सुमारे ३४ टक्क्यांवर गेला. तरीही ऐकण्यात त्यांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का होता आणि त्यातलेही ७० टक्क्यांपर्यंतचे ऐकणे बनावट असल्याचे डीझरचे तेव्हा म्हणणे होते.

कुणी ऐकत नाही तर मग एवढी गाणी बनवतात कशाला? त्यासाठी पैशाची वाटणी समजून घ्यावी लागते.

समजा, १०० श्रोते महिन्याला प्रत्येकी १०० रुपये भरतात. जमलेल्या १०,००० रुपयांतले ३,००० सेवेने ठेवले आणि ७,००० रुपये गाण्यांच्या मालकांसाठी एका हंड्यात टाकले. महिन्यात सगळ्यांनी मिळून गाणी ७०,००० वेळा ऐकली, तर एका ऐकण्याला १० पैसे पडतात. तुम्ही महिनाभर एकाच कीर्तनकाराची पदे ५० वेळा ऐकलीत, तर तुमच्या शंभरातून त्यांना काही मोठा वाटा मिळत नाही, हंड्यातून ५ रुपये मिळतात. आता कुणी संगणकांना श्रोते बनवून आपलीच यंत्रनिर्मित गाणी ३०,००० वेळा ‘ऐकवली’. (त्या खोट्या खात्यांनीही वर्गणी भरली असेल, पण ती या मानाने किरकोळ म्हणून सोडून देऊ.) एकूण ऐकणी एक लाख झाली, दर ७ पैशांवर आला आणि कीर्तनकारांचे ५ रुपये साडेतीन रुपये झाले. दीड रुपया त्यांच्या खिशातून गेला आणि त्यांना पत्ताही नाही.

हे काल्पनिक उदाहरण झाले, पण अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातील एका संगीतकारावर सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी ठेवलेला आरोप याच जातीचा होता. यंत्राने बनवलेली लाखो गाणी स्वयंचलित खात्यांकडून ऐकवून त्याने एक कोटी डॉलरहून अधिक मानधन मिळवले, असे त्यात म्हटले होते. आरोपपत्रात त्याचा स्वतःचाच एक हिशोब दिला आहे: १,०४० खाती, प्रत्येकी दिवसाला ६३६ गाणी, म्हणजे रोज ६,६१,४४० ऐकणी. एकच गाणे लाखो वेळा ऐकवले तर ते डोळ्यांवर येते. लाखो गाणी थोडी थोडी ऐकवली तर संशय येत नाही, म्हणून फुकटात बनणारी गाणी लागतात. गाणे ३० सेकंद वाजले की स्पॉटिफायवर ते ऐकले असे धरतात, हेही अशा उद्योगांच्या पथ्यावर पडते.

सेवांनी उपाय केले आहेत. वर्षभरात साडेसात कोटींहून अधिक फालतू ध्वनिमुद्रणे काढून टाकल्याचे स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले. २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथे मानधनच मिळत नाही. हा नियम बनावट मालाला आवर घालण्यासाठी म्हणून योग्य वाटतो, पण तालुक्याच्या गावातून आपली चार पदे चढवणाऱ्या भजनी मंडळालाही तो तितकाच लागू होतो.

आवाजाच्या चोरीचा प्रश्न आपल्याकडे न्यायालयात पोहोचला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना, त्यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल परवानगीशिवाय वापरण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. परवानगीचा मार्गही आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये दोन दिवंगत तमिळ गायकांचे आवाज एका गाण्यासाठी यंत्राच्या मदतीने पुन्हा घडवले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेऊन मोबदला दिल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले होते.

कानाने ओळखता येईल का?

बहुधा नाही. डीझरने इप्सॉस या संस्थेकडून आठ देशांतल्या ९,००० लोकांची पाहणी करून घेतली, तीत ९७ टक्के लोकांना यंत्राचे गाणे आणि माणसाचे गाणे यांतला फरक ओळखता आला नाही. २०२५ च्या जून-जुलैत ‘द व्हेल्वेट सनडाउन’ नावाच्या बँडने स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळवले आणि मग त्याच्याच परिचयात कबुली आली की हा सगळा कृत्रिम उद्योग आहे. त्या आधी लोकांना शंका आली होती ती गाणी ऐकून कमी आणि बँडमधल्या चौघांचा कुठेच माग लागत नाही म्हणून अधिक.

मराठीत याची सर्वाधिक लागण अभंग आणि आरत्यांना होईल असे मला वाटते. संतांच्या शब्दांवर कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही, शीर्षक सगळ्यांना पाठ असते, आषाढी आणि गणेशोत्सवात शोध अमाप होतो आणि गाणारा कोण हे पाहण्याची श्रोत्याला गरज वाटत नाही. म्हणून कौटुंबिक ग्रुपवर अभंग पाठवण्यापूर्वी मी हल्ली गाण्याशेजारचे तीन ठिपके दाबून श्रेयनामावली उघडतो. गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव, जमल्यास पखवाज आणि पेटी कुणाची हे दिसते का पाहतो, आणि त्या गायकाच्या पानावर जाऊन त्याने त्याच महिन्यात आणखी किती ‘अल्बम’ काढले आहेत ते मोजतो. परवाच्या एका गायकाचे एका महिन्यात एकोणीस निघाले.